पुन्हा पासवर्ड मागतंय

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार. दहिवडी

अनंत चतुर्दशी, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद. तरी सकाळी नऊच्या आत दूध संकलन केंद्राच्या हिशेबनिसाचा फोन. "दादा, मेल पासवर्ड मागतंया. दिला की पुन्हा मागतंया. कालपासनं हेच चाललंय."

असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला. ब्राउझर उघडा, तिथं तोच पासवर्ड टाका, मेल उघडतो का सांगा. उघडतो म्हणाला. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. आता बोटं दुखेपर्यंत टाइप केला तरी आउटलुकला फरक पडणार नाही. लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. यंत्र पासवर्ड मागतंय म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं धरून माणूस हळूहळू, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत पुन्हा टाकतो.

गेलो. विंडोज ७, आउटलुक २०१०, आणि हॉटमेलचा पत्ता. मालकांनी तो सायबर कॅफेत तासाला पैसे मोजायच्या काळात उघडलेला. कारण लगेच लक्षात आलं, कारण कालची तारीख मला पाठ होती. १६ सप्टेंबरपासून मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल, लाइव्ह, आउटलुक डॉट कॉम या वैयक्तिक खात्यांवर जुन्या पद्धतीचं लॉगिन बंद केलं. कंपन्यांच्या खात्यांवर हेच ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालं होतं.

हिशेबनीस जिज्ञासू आहे, म्हणून बसून सांगितलं. जुन्या पद्धतीत आउटलुक दर वेळी मेल तपासायला जाताना नाव आणि पासवर्ड दोन्ही बरोबर घेऊन जायचं. दहा मिनिटांनी गेलं तर दहा मिनिटांनी पासवर्ड. चोरानं तो एकदा मिळवला की कुठूनही वापरायचा, आणि समोरच्या सर्व्हरला "थांब, फोनवर आलेला आकडाही सांग" असं म्हणायची सोयच त्यात नव्हती. नव्या पद्धतीत एसटीच्या मासिक पासासारखं आहे. ओळखपत्र डेपोत एकदाच दाखवायचं, पुढं महिनाभर कंडक्टरला फक्त पास. पास हरवला तर तेवढा रद्द करता येतो. आउटलुक २०१० ला हा पास घेताच येत नाही. त्याला तो प्रकारच माहीत नाही, म्हणून सर्व्हरनं नाकारलं की ते आपल्याला येतं तेवढंच करतं, पासवर्डचा बॉक्स पुढं करतं.

"मग कुठली सेटिंग बदलायची?" कुठलीच नाही. आउटलुकमध्ये 'वर्क ऑफलाइन' दाबून ठेवलं, बॉक्स यायचा थांबला. जुने मेल त्यातच वाचायचे. नव्या मेलसाठी थंडरबर्ड टाकून दिलं, फुकट आहे, आणि विंडोज ७ वर चालणारी ११५ ही आवृत्ती अजून मिळते. त्यात ओळख पटवण्यासाठी 'ओऑथ२', म्हणजे तीच पासाची पद्धत, निवडली, ब्राउझरसारखं पान उघडलं, पासवर्ड एकदा दिला, संपलं. मालक म्हणाले, नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागणार का? दुधाचा दर वाढला की घेऊ, असं त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

एका हायस्कूलचं ऑफिस. इथं जीमेल, पण आउटलुकमधून. लक्षण तेच, कारण वेगळं.

जीमेलनं बाहेरच्या प्रोग्रॅमकडून साधा पासवर्ड घेणं ३० मे २०२२ ला बंद केलं. तेव्हा मीच या शाळेला 'ॲप पासवर्ड' काढून दिला होता. सोळा अक्षरं, गूगल स्वतः देतं, फक्त त्या एका प्रोग्रॅमपुरती. तो काढायचा तर आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी लागते. दोन वर्षं सगळं सुरळीत. गेल्या आठवड्यात नव्या क्लार्कबाईंनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं की पासवर्ड बदलत राहावा, म्हणून मन लावून जीमेलचा पासवर्ड बदलला. गूगलचा नियम असा की मुख्य पासवर्ड बदलला की काढलेले सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द. बाई नवा पासवर्ड आउटलुकला देत होत्या, आउटलुकला हवी होती सोळा अक्षरं.

पुन्हा काढू म्हटलं तर पडताळणीचा आकडा जातो निवृत्त झालेल्या भाऊसाहेबांच्या मोबाइलवर. खातं उघडलं तेव्हा ऑफिसात मोबाइल फक्त त्यांच्याकडे होता. ते आता गावी. फोन लावला, बाजरीच्या रानात होते. "आकडा आलाय म्हणा, पण चष्मा घरी हाय." शेजारच्या रानातल्या पोराला हाक मारली, तर तेवढ्यात रेंज गेली. बांधावर चढून पुन्हा फोन केला तोवर आकड्याची मुदत संपलेली. दुसरा मागवला. या वेळी पोरगं आधीच शेजारी उभं. सहाही आकडे त्यानं पाढे म्हटल्यासारखे खणखणीत म्हटले.

खातं उघडल्यावर पहिल्यांदा भाऊसाहेबांचा नंबर काढून शाळेचा स्वतःचा नंबर घातला. गूगल आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देतं, फोन नसला तरी चालणारे. ते छापून दहावीच्या प्रमाणपत्रांच्या लोखंडी कपाटात ठेवायला लावले. बाईंना वाटत होतं आपण काही बिघडवलं. पासवर्ड बदलणं चूक नव्हतं, पण बदलल्यावर काय काय तुटतं ते प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.

तालुक्यातल्या निम्म्या ऑफिसांत खातं संस्थेचं असतं आणि फोन एका माणसाचा. बदली झाली, निवृत्ती झाली की संस्थेचा पत्रव्यवहार त्याच्या खिशातून निघून जातो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुपारपासून आभाळ. गिऱ्हाईक नाही. ज्वारीच्या पेरणीला ओल हवी म्हणून सगळे आभाळाकडे बघत बसलेत.

एका ऑफिसला दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती आहे. वरून हुकूम. त्याचं इथं काय होतं ते मी टेबलाच्या काचेखाली बघितलंय. देवाचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग आकडा. पुढच्या तिमाहीत आकडा एकनं वाढतो. सिद्धनाथ, जोगेश्वरी, शिंगणापूरचा महादेव, गोंदवलेकर महाराज. ज्याला या तालुक्यातली दैवतं माहीत, त्याला अर्ध्या तालुक्याचे पासवर्ड माहीत.

अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था, निस्ट, तिनं २०१७ मध्येच लिहून ठेवलंय की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला. आपल्याकडं हुकूम अजून तोच. हुकूम काढणाऱ्याला काचेखालचा कागद दिसत नाही. मला हा नियम नुसता निरुपयोगी वाटत नाही, घातक वाटतो. दर तीन महिन्यांनी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, मॅनेजरचा फोन, स्कॅनर, सगळे एकाच दिवशी पासवर्ड मागायला लागतात, आणि बॉक्स दिसला की टाकायचा ही सवय पक्की होत जाते.

कॉम्प्युटरवरचा पासवर्ड साठ वर्षांहून जुना. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटानं एकच यंत्र अनेकांत वाटून वापरायची व्यवस्था केली, तेव्हा प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तो आला. १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर या विद्यार्थ्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली, कारण त्याला ठरवून दिलेले तास पुरत नव्हते. म्हणजे माहीत असलेली पहिली चोरीसुद्धा पैशासाठी नव्हती, कॉम्प्युटरवर जास्त वेळ बसायला मिळावं म्हणून होती. एका कॉम्प्युटरवर चौघं बसणाऱ्या आमच्या ऑफिसांना तो पोरगा परका वाटणार नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

रविवार असून करसल्लागारांचं ऑफिस गच्च. टॅक्स ऑडिटचे अहवाल भरायची मुदत उद्या. आणि सकाळपासून मेल बंद. स्वतःच्या डोमेनवरचा मेल, भाड्याच्या सर्व्हरवर. तिन्ही कॉम्प्युटरवर एकाच वेळी पासवर्डचा बॉक्स.

इथं ब्राउझरची कसोटी अडकली. ब्राउझरमध्येही उघडेना. पण साहेबांच्या फोनवर उघडत होता. फोन मोबाइल डेटावर, कॉम्प्युटर ऑफिसच्या वायफायवर. एका कॉम्प्युटरला फोनचं हॉटस्पॉट जोडलं, मेल धडाधड उतरायला लागले. मग खातं आणि पासवर्ड दोन्ही निर्दोष. सर्व्हरनं ऑफिसच्या इंटरनेटचा पत्ताच अडवून ठेवला होता.

असे सर्व्हर चुकीचे पासवर्ड मोजतात. एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात पुष्कळ चुकले की कुणीतरी अंदाजानं कुलूप उघडतंय असं समजून त्या पत्त्यालाच काही वेळ बंद करतात. त्यानंतर बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि मेल प्रोग्रॅम खरं कारण न सांगता पुन्हा पासवर्डच मागतो. प्रश्न एवढाच, की चुकीचा पासवर्ड सतत देतंय कोण? शुक्रवारी साहेबांनी तो बदलला होता, तिन्ही कॉम्प्युटरवर नवा घातला होता.

चौथं यंत्र सापडायला तास गेला. साहेबांचा जुना फोन, सिम काढलेला, आतल्या खोलीत मुलाच्या हातात. गेम चालू होती, आणि पाठीमागं मेल ॲप जुन्या पासवर्डानं इमानेइतबारे दार वाजवत होतं. त्यातलं खातं काढून टाकलं. सर्व्हरवाल्याला सांगून पत्ता मोकळा करून घेतला. मुलाची तक्रार अशी की गेम का बंद केली.

संध्याकाळी बातमी आली, मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. साहेबांनी खुर्ची मागं ढकलली आणि सगळ्यांना भेळ मागवली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

गोंदवल्याच्या पुढं, म्हसवड रस्त्यावर, एका पतसंस्थेची शाखा. रात्री पाऊस झाला, लाइट पाच तास गेली होती. सकाळपासून मेल नाही. कधी सर्टिफिकेटची तक्रार, कधी पासवर्डचा बॉक्स. ब्राउझर कुठलंही पान उघडायला गेला की "कनेक्शन खासगी नाही".

उजव्या कोपऱ्यात बघितलं. १ जानेवारी २०१२.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती पाच-सहा वर्षांत संपते, पण यूपीएस जिवंत असेपर्यंत कुणाला कळत नाही. काल यूपीएसही बसला आणि कॉम्प्युटर बारा वर्षं मागं गेला. सर्व्हरचं सर्टिफिकेट म्हणतं मी २०२४ मध्ये दिलेलं आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो असं साल अजून उजाडलेलंच नाही. तो सर्टिफिकेट मानत नाही, त्यामुळं सर्व्हरशी बोलणं पूर्ण होत नाही, आणि शेवटी बापडा माणूस पासवर्ड टाकत बसतो. बॅटरी माझ्या खिशात असतेच. बदलली, तारीख बरोबर केली.

तरी लॉगिन होईना. आता ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड चुकीचा म्हणत होतं. शाखाधिकारी वैतागले. "ह्यो तर माझ्या फोनवर दिसतोय, मी बघून टाकतोय!" त्यांचा फोन मागितला. घड्याळ दहा मिनिटं पुढं. मुद्दाम लावलेलं, कारण सकाळची एसटी चुकते. तो कोड दर तीस सेकंदांनी बदलतो आणि बनतो तो फोनमधल्या वेळेवरून. सर्व्हर थोडा मागंपुढं चालवून घेतो, दहा मिनिटं नाही. तारीख-वेळ 'आपोआप' करून दिली, पहिल्याच कोडला मेल उघडला.

एका टेबलावर एक घड्याळ बारा वर्षं मागं आणि एक दहा मिनिटं पुढं. शाखाधिकाऱ्यांना आता सकाळी दहा मिनिटं लवकर निघावं लागणार, त्याबद्दल ते माझ्यावर थोडे नाराज दिसले.

९ ऑक्टोबर, बुधवार

साधं काम. आउटलुक २०१६, ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट ३६५ खातं, ब्राउझरमध्ये ठीक, सर्व्हरला हरकत नाही, घड्याळ बरोबर. मग उरतो विंडोजनं स्वतःजवळ जपलेला जुना पासवर्ड. कंट्रोल पॅनल, क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नावानं सुरू होणाऱ्या जुन्या नोंदी आउटलुक बंद करून काढून टाकल्या. आउटलुक पुन्हा उघडलं, एकदा विचारलं, परत नाही.

खात्याच्या जादा सेटिंगमध्ये सुरक्षेच्या पानावर 'दर वेळी लॉगिन विचारा' अशी एक टिक असते, तीही बघून ठेवली. इथं नव्हती. कुणीतरी ती कधी काळी लावून जातं आणि पुढची माणसं वर्षानुवर्षं पासवर्ड टाइप करतात.

एवढ्यानं भागलं नाही तर नवी प्रोफाइल. ती शेवटी. आमच्या धंद्यातली काही पोरं पहिल्या झटक्यात सगळं पुसून नव्यानं टाकतात. बहुतेक वेळा चालतं, पण बिघाड का झाला ते कळत नाही आणि महिन्याभरात तोच फोन पुन्हा येतो. त्यांना पैसे पुन्हा मिळतात, हेही आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या. २० नोव्हेंबरला मतदान. आता महिनाभर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनचीच कामं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. आटपाडी

डाळिंबाच्या एका व्यापाऱ्याचा कालच फोन होता. म्हसवडवरून दिघंचीमार्गे निघालो. वाटेत राजेवाडीच्या तलावात पाणी दिसलं. इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामावर बांधलेला तो तलाव, पाणी दिसलं की गाडीचा वेग आपसूक कमी होतो.

तक्रार अशी : "मेल पासवर्ड मागत होता. दिला. मग पुन्हा मागितला, तोही दिला. आता मागत नाही, पण मेलच येत नाहीत." हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. पासवर्ड मागायचं थांबलं तर लोक फोन करत नाहीत.

बॉक्स कसा होता विचारलं. तर तो आउटलुकचा बॉक्सच नव्हता. मेलमध्ये एक दुवा आला होता, तुमची मेलपेटी भरली आहे, चालू ठेवायला लॉगिन करा. दाबल्यावर हुबेहूब पान. ब्राउझरच्या इतिहासात ते सापडलं. वरच्या पट्टीतल्या पत्त्यात 'लाइव्ह' शब्द होता, पण लांबलचक नावाच्या सुरुवातीला. 'https://' नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी जे नाव असतं तेच खरं घर, तिथं कुणी भलताच होता. व्यापारी हुशार माणूस, मार्केट यार्डात त्याला कुणी फसवत नाही. पण त्याचं आउटलुक महिनाभर रोज पासवर्ड मागत होतं, आणि तो रोज देत होता. त्या महिन्यात कुणी दुरुस्ती केली असती तर हा बॉक्स त्याला वेगळा दिसला असता.

ब्राउझरमधून मेलच्या सेटिंगमध्ये 'नियम' उघडले. एक नियम होता, त्याचं नाव फक्त एक टिंब. काम असं : ज्या मेलमध्ये इन्व्हॉइस किंवा पेमेंट हे शब्द असतील तो आलेल्या मेलमधून उचलून 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. ते फोल्डर कुणीच उघडत नाही, म्हणूनच ते निवडतात. उघडलं, तर आत त्याचेच मेल. बंगळूरच्या खरेदीदाराचा एक होता : तुम्ही कळवलेला नवा खाते क्रमांक पोचला, एकदा खात्री करावी.

व्यापाऱ्यानं कुठलाही नवा क्रमांक कळवला नव्हता.

त्यानं तिथंच फोन लावला, आणि मराठी वळणाच्या हिंदीत इतक्या मोठ्यानं बोलला की बाहेर क्रेट भरणाऱ्या बाया थांबल्या. "सेठ, खाता वही पुराना! वही! नया कुछ नहीं!" पैसे अजून सोडले नव्हते. सेठ खात्रीच्या उत्तराची वाट बघत होता.

नियम काढला. पासवर्ड बदलला, तोही त्याच्या फोनवरून. 'सगळीकडून बाहेर पडा' दाबलं, दोन टप्प्यांची पडताळणी लावली. मेल दुसरीकडं पाठवायची सोय कुणी चालू केली आहे का तेही बघितलं, नव्हती. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवायला लावली. पैसे वाचले असले तरी नोंद हवी, कारण तोच चोर आता त्याच्या नावानं इतर खरेदीदारांना लिहिणार. त्या सगळ्यांना फोन करायची यादी त्याच्या मुलीनं वहीत काढायला घेतली. मेल करू नका, बोला, असं तिला सांगितलं.

एवढ्यात लॅपटॉपवर आउटलुकनं बॉक्स काढला. सगळीकडून बाहेर पडल्यामुळं तो येणारच होता. व्यापाऱ्यानं दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले.

"हा कुणाचा?"

"तुमच्याच आउटलुकचा. वरचं नाव वाचा."

त्यानं चष्मा लावून पत्ता उजवीकडून डावीकडं वाचत नेला, मग मुलीला वाचायला लावला, आणि मगच पासवर्ड टाकला.